‘वन कट ऑफ द डेड’: पहिली ३७ मिनिटे मुद्दाम कच्ची ठेवणे कितपत योग्य?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. शिनिचिरो उएदा या जपानी दिग्दर्शकाचा ‘वन कट ऑफ द डेड’ हा २०१७ चा चित्रपट आमच्या हौशी नाट्यगटाने एकत्र बसून पाहिला आणि त्यावरून गटात सरळ दोन तट पडले. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की एका ओस पडलेल्या जलशुद्धीकरण केंद्रात झॉम्बीपटाचे चित्रीकरण करणाऱ्या मंडळींवर खरेखुरे झॉम्बी चालून येतात, आणि हा सगळा प्रकार ३७ मिनिटांच्या एकाच अखंड शॉटमध्ये आपल्यासमोर घडतो. माझी अडचण नेमकी या ३७ मिनिटांची आहे. संवाद मध्येच अडतात, नटमंडळी विनाकारण एकमेकांचे छंद विचारत बसतात, कॅमेरा काही काळ जमिनीवर आडवा पडून राहतो, आणि रंगभूषा तर आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवातही कोणी खपवून घेतली नसती. आमच्यापैकी दोघे एवढ्यातच उठून गेले. जे बसून राहिले ते उत्तरार्धात डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, त्यांत मीही होतो. तरीही प्रेक्षकाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ मुद्दाम वाईट काम दाखवायचे आणि मागाहून त्याचा खुलासा करायचा, हा व्यवहार सचोटीचा आहे का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

विचारण्यामागे निव्वळ रसग्रहणाचा हेतू नाही. दिवाळीनंतर आम्हाला गुळाच्या एका जुन्या गोदामात साधारण चाळीस मिनिटांचा भय-विनोदी चित्रपट करायचा आहे. पैसा फारच बेताचा आहे आणि नट सगळे एकांकिका स्पर्धांमधून आलेले आहेत. आमच्या दिग्दर्शकाचे म्हणणे असे की आपणही सगळे एकाच शॉटमध्ये उरकू, म्हणजे संकलनाचा खर्च वाचेल, आणि जे कच्चे राहील ते मुद्दामच तसे ठेवले आहे असे सांगता येईल. मला हे पटत नाही, पण ते का पटत नाही हे त्याच्यापुढे नीट मांडताही येत नाही. जाणकारांनी आपले मत द्यावे. कथानक उघड करून लिहायला माझी हरकत नाही.

तिसरी_घंटा यांचे उत्तर

ज्यांना हा चित्रपट पाहायचा आहे त्यांनी माझे उत्तर आत्ता वाचू नये, कारण कथानक सांगितल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

मी नाटकांच्या विंगेत व्यवस्थापनाचे काम करतो, आणि म्हणूनच मला या चित्रपटाची पहिली ३७ मिनिटे कच्ची वाटत नाहीत. किंबहुना इतके आखीव काम मी क्वचित पाहिले आहे. शॉट संपतो, श्रेयनामावली येते आणि कथा एक महिना मागे जाते. तिथे कळते की हिगुराशी हा दिग्दर्शक ‘झटपट, स्वस्त आणि बेताच्या दर्जाचे’ काम करून देणारा माणूस म्हणून ओळखला जातो, आणि झॉम्बींसाठीच निघालेल्या एका नव्या दूरचित्रवाणी वाहिनीने उद्घाटनासाठी त्याच्या गळ्यात एक अचाट काम मारले आहे: थेट प्रक्षेपण, एकच शॉट, मध्ये थांबायचे नाही. ऐन वेळी दोन कलाकार अपघातामुळे येऊ शकत नाहीत, तेव्हा दिग्दर्शकाच्या भूमिकेत तो स्वतः उभा राहतो आणि रंगभूषाकाराच्या भूमिकेत त्याची बायको, जी भूमिकेत शिरली की बाहेरच येत नाही म्हणून जिचा अभिनय बंद झालेला असतो. तिसऱ्या भागात तीच ३७ मिनिटे आपल्याला कॅमेऱ्याच्या मागून दिसतात.

आता तुम्हाला खटकलेल्या जागा एकेक करून आठवा. छंदांबद्दलची ती रटाळ विचारपूस चालू असते तेव्हा पुढच्या प्रवेशाची तयारी झालेली नसते आणि समोरच्यांना काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची असते. ध्वनिमुद्रकाची भूमिका करणारा नट एकाएकी दाराबाहेर धाव घेतो, कारण त्याचे पोट बिघडलेले असते, आणि ते कोणत्या पाण्याने बिघडले याचीसुद्धा आधी पेरणी केलेली आहे. कॅमेरा जमिनीवर पडून राहतो कारण कॅमेरामनची पाठ धरते. त्यानंतर चित्र उगाच पुढेमागे धावू लागते, कारण ज्या सहायक मुलीला आपल्या हातात कॅमेरा कधी येतो असे झालेले असते, तिच्या हातात तो आता आलेला असतो. म्हणजे प्रत्येक चुकीला एक धनी आहे, एक कारण आहे आणि एक नेमकी वेळ आहे. ‘कच्चे राहिले ते मुद्दाम’ असे म्हणणारा तुमचा दिग्दर्शक हे उलट्या टोकाकडून धरतो आहे: उएदा यांनी आधी कारणे लिहिली आणि त्या कारणांतून चुका काढल्या.

आणखी एक बाब तुमच्या दिग्दर्शकाच्या कानावर घालावी. एका अखंड शॉटसाठी गाजलेल्या या चित्रपटाला २०१९ मध्ये जपान अकादमीचे पारितोषिक मिळाले ते संकलनासाठी, आणि संकलनही उएदा यांनी स्वतःच केले होते. पडद्यावर एक शॉट दिसतो म्हणून संकलन टळत नाही. पुढच्या बाजूला जे घडले त्याचा मागच्या बाजूच्या घटनेशी क्षणाक्षणाचा मेळ घालावा लागतो.

राहता राहिला सचोटीचा प्रश्न. पहिल्या भागात हिगुराशी नायकाला थोबाडीत मारतो आणि तालमीपासून तू माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट काढतोस म्हणून त्याच्यावर ओरडतो, तेव्हा आपल्याला तो पिसाळलेला, अघोरी माणूस वाटतो. झॉम्बीच्या हातात कुऱ्हाड कशी असेल असले तर्क लढवत त्याच नटाने महिनाभर त्याला किती छळले होते हे कळल्यावर तीच थोबाडीत पुन्हा दिसते आणि प्रेक्षागृह हसते. एकाच कृतीतून आधी भीती आणि मग हसू निघते, कृतीत मात्र तसूभरही बदल झालेला नसतो. जो दिग्दर्शक घेतलेल्या प्रत्येक मिनिटाची अशी परतफेड करतो त्याच्या सचोटीबद्दल मला शंका घ्यावीशी वाटत नाही.

उभा_प्रेक्षक यांचे उत्तर

वरच्या विवेचनाशी मी बराचसा सहमत आहे, परंतु उठून गेलेल्या त्या दोघांची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. परतफेड होते हे खरे, पण ती जो थांबतो त्यालाच मिळते. तिकीट काढून अंधारात बसलेला माणूस ३७ मिनिटे थांबतो, कारण त्याने पैसे मोजलेले असतात आणि ओळीतल्या लोकांचे पाय ओलांडून बाहेर जाणे त्याच्या जिवावर येते. तुमचा चित्रपट बहुधा लोक मोबाइलवर पाहणार आहेत, आणि तिथे बोटाच्या एका हालचालीत प्रेक्षक निघून जातो. चाळीस मिनिटांच्या चित्रपटात ही युक्ती करायची असेल तर कच्चा वाटणारा भाग दहा-बारा मिनिटांपलीकडे नेऊ नये, आणि त्यातही काहीतरी अस्वस्थ करणारे असावे. उएदा यांनी ही काळजी घेतली आहे. दिग्दर्शक थेट भिंगात पाहून चित्रीकरण थांबणार नाही असे ओरडतो, तेव्हा हा कॅमेरा नेमका कोणाच्या हातात आहे असा प्रश्न पडतो आणि अंगावर काटा येतो. त्या क्षणापुरता तो खरा भयपट आहे.

दुसरे असे की या चित्रपटाच्या हिशेबाची दंतकथा होऊन बसली आहे आणि कमी पैशात काम करू पाहणारी मुले तिच्यामुळे फसतात. साधारण ३० लाख येनमध्ये तो झाला आणि जपानमध्ये त्याने ३०० कोटी येनांहून अधिक गल्ला जमवला, हे दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र तो टोकियोतल्या एनबू सेमिनार या चित्रपट-अभिनय शिकवणाऱ्या संस्थेच्या कार्यशाळेतून निघाला होता. त्यातले जवळजवळ अपरिचित नट त्या कार्यशाळेत शुल्क भरून दाखल झालेले होते. त्यांनी तालमींना दिलेला वेळ त्या ३० लाखांत कुठेच धरलेला नाही. तुमच्याकडेही हेच होणार आहे. एकांकिकेची मुले फुकट राबतात, आणि मग निर्माता अभिमानाने सांगतो की बघा, किती स्वस्तात काम झाले.

प्रदर्शनाची कथाही तशीच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागातल्या के’ज सिनेमा या छोट्या चित्रपटगृहात तो सहा दिवस दाखवला गेला. एप्रिल २०१८ मध्ये इटलीतल्या उदिने इथल्या महोत्सवात प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला, आणि त्या जूनमध्ये टोकियोतल्या फक्त दोन पडद्यांवर तो नियमित सुरू झाला. ‘जाऊन पाहा, पण काय आहे ते विचारू नका’ अशा तोंडी प्रसिद्धीवर तो चालला, मग अस्मिक एस ही वितरण संस्था पुढे आली आणि तो शेकडो चित्रपटगृहांत पोहोचला. यांतला एखादा दुवा गळला असता तर आज आपण इथे त्याची चर्चा करत नसतो.

आणखी एक गोष्ट, जी यशाच्या कथेत सहसा गाळली जाते. एका विसर्जित नाट्यमंडळीच्या नाटकावरून ही कल्पना सुचल्याचे उएदा यांनी स्वतःच सांगितले होते, आणि चित्रपट गाजू लागल्यावर २०१८ मध्ये श्रेयावरून वाद उभा राहिला. पुढे मूळ कल्पनेचे श्रेय संयुक्तपणे देण्यावर तो मिटला. तुमच्या गटात कल्पना कोणाची, संहिता कोणाची आणि चार पैसे आलेच तर वाटणी कशी, हे आजच एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. पैसा नसताना हे लिहायला कोणाचीही हरकत नसते.

बूमवाली यांचे उत्तर

मी लघुपटांसाठी ध्वनिमुद्रण करते, त्यामुळे माझे म्हणणे कामापुरतेच आहे. एका शॉटमध्ये केल्याने खर्च वाचतो ही समजूत सर्वांत आधी काढून टाकावी. तुकड्यातुकड्यांनी चित्रीकरण करताना एखादा नट चुकला तर तेवढाच तुकडा पुन्हा घ्यावा लागतो; अखंड शॉटमध्ये पस्तिसाव्या मिनिटाला कोणी अडखळले तर पहिल्या मिनिटापासून सुरुवात होते. त्यात तुमच्या चित्रपटात रक्त आहे. म्हणजे प्रत्येक नव्या प्रयत्नाला सगळ्यांचे कपडे बदलायचे, चेहरे धुवायचे, भिंती आणि फरशी पुसायची, आणि मगच पुन्हा सुरुवात करायची. प्रत्येक नटाचे एकसारखे कपडे तीन-चार जोड तरी लागतील, आणि दिवसाला दोन प्रयत्न झाले तरी खूप झाले असे समजा. ‘वन कट ऑफ द डेड’मध्ये रक्ताचा थेंब भिंगावर उडतो आणि एक हात येऊन तो पुसतो, हे ठरवून केलेले नव्हते, चित्रीकरणात ते खरेच घडले आणि कॅमेरामनने प्रसंगावधान राखून शॉट वाचवला. असा कॅमेरामन तुमच्याकडे असेल तरच या वाटेला जावे.

रक्तासाठी बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळते. त्यात थोडे पाणी, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर घातली की रंग गडद होतो आणि ओघळही सावकाश उतरतो. तोंडात गेले तरी त्रास होत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की ते कमालीचे चिकट असते आणि तुमचे गोदाम मुळातच गुळाचे आहे, तेव्हा मुंग्यांचा बंदोबस्त चित्रीकरणाच्या आदल्या दिवशीच करून ठेवा. मृतदेह होऊन निपचित पडलेल्या नटाच्या कानात मुंगी शिरली की तो शॉट गेलाच म्हणून समजा.

आता पैसा नसताना काय करता येते याबद्दल. सॅम रेमी या अमेरिकी दिग्दर्शकांनी टेनेसीतल्या जंगलातल्या एका केबिनमध्ये ‘द इव्हिल डेड’ हा भयपट केला, तेव्हा तरंगत धावणाऱ्या शॉटसाठी लागणारे महागडे उपकरण त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी एका लांब फळीच्या मधोमध कॅमेरा बसवला, दोन टोके दोघांनी धरली आणि ते जमिनीलगत झाडांमधून धावत सुटले. झुडपे तुडवत घराकडे झेपावणारी ती अदृश्य शक्ती पडद्यावर दिसते ती या फळीच्या जिवावर. चित्रीकरण लांबले आणि बरेच नट घरी परतले, तेव्हा उरलेल्या मंडळींनी गेलेल्यांचे कपडे चढवून, पाठमोरे उभे राहून किंवा नुसते हात दाखवून प्रसंग पुरे केले. न्यूझीलंडमध्ये पीटर जॅक्सन हे वर्तमानपत्रात नोकरी करता करता मित्रांना जमवून ‘बॅड टेस्ट’ हा आपला पहिला चित्रपट मुख्यतः सुट्टीच्या दिवशी चित्रित करत होते, आणि त्याला सुमारे चार वर्षे लागली. परग्रहवासीयांचे मुखवटे त्यांनी आईच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजले. कड्यावरच्या एका झटापटीत दोन्ही माणसे तेच आहेत, एकदा दाढीसह आणि एकदा दाढीशिवाय. हे सगळे तुकड्यातुकड्यांनी केले म्हणून शक्य झाले. अखंड शॉटच्या हट्टात यातली एकही सोय तुम्हाला वापरता येणार नाही.

आणि आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. डळमळीत चित्र प्रेक्षक शैली म्हणून चालवून घेतो. न कळणारा संवाद मात्र कोणीही चालवून घेत नाही. तुमच्या गोदामाचे छप्पर पत्र्याचे असेल तर एकदा दुपारी आणि एकदा रात्री तिथे दहा मिनिटे नुसते मुद्रण करून ऐका. उन्हाने पत्रे तडतडतात, आणि ती तडतड संवादाच्या नेमकी मधोमध येते.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. छप्पर पत्र्याचेच आहे. दिग्दर्शकाला हा सगळा धागा वाचायला दिला. अखंड शॉटचा आग्रह त्याने पुरता सोडलेला नाही, पण तो सुरुवातीच्या अकरा मिनिटांपुरता आणला आहे. आता एक उपप्रश्न. आमच्या संहितेत गोदामाचा रखवालदार आणि एक हमाल अशी विनोदी जोडी आहे, आणि भुताचे प्रसंग वेगळे आहेत. वाचनात दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे जमतात, एकत्र मात्र जमत नाहीत. भीतीचा प्रसंग आला की हसू आटते, आणि जोडी आली की भीती पार निघून जाते.

रातकिडा यांचे उत्तर

हा आपल्याकडचा जुनाच घोळ आहे आणि त्याचे मूळ रामसे बंधूंच्या हिंदी भयपटांत सापडते. ‘पुराना मंदिर’ (१९८४) आठवा. एका बाजूला शापित घराण्याची आणि सामरी या सैतानाची कथा, आणि दुसऱ्या बाजूला जगदीप यांचे ‘शोले’ची टिंगल करणारे स्वतंत्र उपकथानक. दोन्ही रूळ समांतर धावतात आणि त्यांची गाठ जवळजवळ पडतच नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला तीन तासांत सगळे हवे असे, म्हणून ते चालले. विनोद तिथे भीतीतून उगवत नाही. भीतीच्या मध्ये उसंत म्हणून येतो.

याउलट महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) पाहा. तो काही कमी खर्चातला स्वतंत्र चित्रपट म्हणता येणार नाही, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला कधीही विनोद करायला म्हणून येत नाही. त्या बाहुल्यात अडकलेल्या तात्या विंचू या गुंडाला माणसाचा देह परत हवा आहे आणि त्यासाठी त्याला लक्ष्याच्या शरीरात शिरायचे आहे; यात त्याच्या बाजूने गमतीचा लवलेशही नाही. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या त्या बाहुल्याला मनापासून घाबरतो. एका हाताने उचलता येईल अशा बाहुल्याला एवढा मोठा माणूस घाबरतो म्हणून आपण हसतो, आणि तो बाहुला खरेच जीव घेऊ शकतो हे ठाऊक असल्याने हसता हसता थोडे सावरूनही बसतो. दोन्ही भावना एकाच वस्तूतून निघतात. हिगुराशीच्या त्या थोबाडीतही हेच आहे.

तेव्हा रखवालदार आणि हमाल यांना भुताच्या प्रसंगांपासून दूर ठेवू नका. भुताशी पहिली गाठ त्यांचीच पडू द्या, आणि त्यांना विनोद करायची मुभा अजिबात देऊ नका. रखवालदाराला भुतापेक्षा मालकाची भीती जास्त असेल, आणि सकाळी ढेपांची मोजदाद बरोबर भरली नाही तर पगार कापला जाईल या धास्तीने तो भुताच्या हातातूनही ढेप ओढून घ्यायला जात असेल, तर त्याला एकही कोटी करावी लागणार नाही. भूतही त्याच्याशी तितक्याच गांभीर्याने वागले पाहिजे.

तिसरी_घंटा यांचा प्रतिसाद

रातकिडा यांच्या सूचनेला एक पुस्ती जोडतो. ‘वन कट ऑफ द डेड’च्या शेवटी वरून घ्यायच्या शॉटसाठी आणलेली क्रेन मोडते, आणि मग मिळेल तो माणूस खांद्याला खांदा लावून मनोरा रचतो आणि त्याच्या टोकावरून शॉट पुरा होतो. दहीहंडी पाहत मोठे झालेल्यांना हे दृश्य समजावून सांगायला नको. पण ते हसवता हसवता भिडते, कारण दिग्दर्शक बापाने लहानग्या मुलीला खांद्यावर घेतल्याचा फोटो आपण आधी पाहिलेला असतो आणि मनोऱ्याच्या टोकावर आता तीच मुलगी असते. तुमच्या रखवालदाराला मालकाची एवढी भीती का वाटते, यासाठी असा एखादा छोटा प्रसंग त्या अकरा मिनिटांच्या आत कुठेतरी ठेवा, आणि तिथे कोणालाही हसवू नका. संहिता हातात आली की तालमीत आधी विंगेतल्या हालचाली बसवा. कोणत्या मिनिटाला कोणाच्या हातात ढेप, कोणाच्या हातात रक्ताची बाटली आणि कोण दाराआड उभा, याचा तक्ता गोदामाच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. कॅमेरा त्या भिंतीकडे कधी वळणार आहे, तेवढे मात्र आधी पाहून घ्या.